मेटफॉर्मिन सी-१८ वर थांबतच नाही, आणि हिलिकवर टिकून राहत नाही. अनुभवी मंडळींनी मदत करावी

फोंडेकरीण | १७ जून, रात्री ९.४०

सगळ्यांना नमस्कार. मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला, आहे. एचपीएलसीवर, म्हणजे द्रावणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, बसून दोन वर्षं झाली.

आमच्याकडे मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड या मधुमेहाच्या औषधाच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या आहेत. असेची (गोळीत औषध किती ते मोजण्याची) इन-हाउस पद्धत माझ्या आधीपासून चालत आलेली: सी-१८ कॉलम (आतला पृष्ठभाग तेलकट, पाण्याला दूर सारणारा), २५० बाय ४.६ मिमी, फॉस्फेट बफर आणि थोडं अॅसिटोनायट्राइल, प्रवाह मिनिटाला १ मिली. मेटफॉर्मिनचा पीक २.८ मिनिटांना येतो. व्हॉइड, म्हणजे अजिबात न थांबणारा पदार्थ बाहेर पडण्याची वेळ, २.५ च्या आसपास. म्हणजे औषध कॉलममधून जवळजवळ न थांबताच बाहेर पडतं. प्लासिबो (औषधाशिवायचं गोळीतलं मिश्रण) मारला की त्यातला एक उंचवटा बरोबर तिथेच. सायनोग्वानिडीन, ही मेटफॉर्मिनमधली अशुद्धी, मारलं तर तेही तिथेच. आकडा ९९ टक्के येतो, पण त्या ९९ मध्ये मेटफॉर्मिन किती आणि बाकीचं किती हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सही मात्र माझी असते.

वरिष्ठांनी परवानगी दिली म्हणून आठवडाभर हिलिक, म्हणजे पाणी धरणारा ध्रुवीय कॉलम आणि भरपूर अॅसिटोनायट्राइल ही पद्धत, करून बघतेय. अमाइड कॉलम, १५० बाय ४.६, ३.५ मायक्रॉन. मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) अॅसिटोनायट्राइल ८५, अमोनियम फॉर्मेट बफर पीएच ३.० चा १५. तापमान ३०, तरंगलांबी २३२ नॅनोमीटर, इंजेक्शन २० मायक्रोलिटर, डायल्युअंट (सॅम्पल ज्यात पातळ करायचं ते द्रावण) पाणी. पीक आठ मिनिटांच्या पुढे जातो, पहिल्यांदा बघितलं तेव्हा खूप बरं वाटलं. पण:

पीक दोन शेंड्यांचा येतो. सकाळची पहिली पाच-सहा इंजेक्शनं सरकत राहतात. आणि मोबाइल फेज नवीन बनवली की वेळ बदलते, एकदा ८.४, एकदा ७.६, एकदा चक्क ९.१.

कॉलम नवा आहे. पुरवठादार म्हणतो कॉलममध्ये दोष नाही. मला कुठे चुकतंय ते कळत नाहीये.

सत्तरीकर | १७ जून, रात्री १०.१५

ताई, मी एमएस्सी करतोय, उत्तर माझ्याकडे नाही. पण धागा वाचतोय. आम्हाला हिलिक एका तासात उरकलं होतं.

मुठाकाठी | १७ जून, रात्री ११.०२

पुण्याहून लिहितोय. स्पष्टच सांगतो, हिलिकच्या मागे लागण्याआधी फार्माकोपिया, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकांचा ग्रंथ, उघडा. युरोपीय फार्माकोपियात मेटफॉर्मिनच्या अशुद्धींसाठी स्ट्राँग कॅटायन एक्सचेंज (एससीएक्स, धन भाराला धरणारा) कॉलम आहे. मोबाइल फेज लिटरला १७ ग्रॅम अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट, फॉस्फोरिक आम्लाने पीएच ३.०, तरंगलांबी २१८. सायनोग्वानिडीनची मर्यादा ०.०२ टक्के. मेटफॉर्मिनचा पीकेए (ज्या पीएचच्या वर त्याचा धन भार जाऊ लागतो तो आकडा) १२.४ च्या घरात आहे, म्हणजे तुमच्या यंत्रावर चालेल अशा कुठल्याही पीएचला त्याच्यावर धन भार असणारच. भार कायमचा आहे तर त्या भारालाच धरा. सल्फोनिक आम्लाचा कॉलम तेच करतो.

नाहीतर आयन-पेअर. सोडियम हेप्टेन सल्फोनेट घाला, ते मेटफॉर्मिनच्या भाराशी जोडी जमवतं, मग सी-१८ वरच थांबेल. आम्ही वर्षानुवर्षं केलं.

बोरीचा_पूल | १८ जून, सकाळी ६.२०

बाय, तू सगळ्या अटी लिहिल्यास म्हणून काहीतरी सांगता येतंय. नुसतं "पीक फुटतो, काय करू" असं लिहिणाऱ्यांना उत्तर देणं कठीण जातं. मी बेंचवर अठ्ठावीस वर्षं होतो, आता घरी आहे.

तुझा कॉलम चांगला आहे. तुझ्या तिन्ही तक्रारी एकाच जागी जाऊन मिळतात, आणि ती जागा म्हणजे पाणी.

सी-१८ वर काम करून आपल्या डोक्यात एक बसलेलं असतं: पाणी निरुपद्रवी, ऑरगॅनिक जोरदार. हिलिकमध्ये हे उलटं होतं, एवढं सगळेच सांगतात. पण त्याच्यापुढची गोष्ट महत्त्वाची. हिलिकमध्ये कॉलमच्या कणांवर पाण्याचा एक थर बसतो. मोबाइल फेजमधलं पाणी त्या अमाइड गटांशी चिकटून तिथे साचतं, आणि तुझं मेटफॉर्मिन बाहेरच्या अॅसिटोनायट्राइलमधून त्या थरात शिरतं, बाहेर येतं, परत शिरतं. थांबतं ते तिथे. म्हणजे तू विकत घेतलास तो अर्धा कॉलम. उरलेला अर्धा तू रोज सकाळी पाणी आणि बफर घालून स्वतः बनवतेस. तो जसा बनेल तसा पीक येईल.

आता एकेक घे.

पीक फुटतो कारण तू २० मायक्रोलिटर निव्वळ पाणी मारतेस. या कॉलमवर पाणी हा सगळ्यात जोरदार द्रावक. तो पाण्याचा गोळा कॉलमच्या तोंडाशी आला की त्यातलं मेटफॉर्मिन थांबायचं सोडून पाण्याबरोबरच पुढे धावतं, कडेचं तेवढं मागे राहतं. दोन शेंडे होणारच. सॅम्पल मोबाइल फेजसारख्याच द्रावकात हवं. अडचण अशी की मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड पाण्यात भरपूर विरघळतं आणि अॅसिटोनायट्राइलमध्ये जेमतेम. तेव्हा स्टॉक पाण्यातच कर. मग त्यातले २ मिली घेऊन ८५:१५ च्या डायल्युअंटने १०० पर्यंत ने. पाण्याचा वाटा नावापुरता वाढेल. इंजेक्शन ५ मायक्रोलिटरवर आण. आणि फ्लास्क उजेडाकडे धरून बघ. गोळीतले पॉलिमर अॅसिटोनायट्राइल वाढलं की गढूळपणा आणतात. तो गाळ गाळणीवर राहिला पाहिजे, कॉलमवर नव्हे. गाळणीत औषध अडकत नाही ना हेही स्टँडर्ड गाळून तपास.

सकाळची इंजेक्शनं सरकतात कारण थर अजून बसलेला नाही. तुझ्या कॉलमचं मोकळं आकारमान साधारण १.६ मिली. सी-१८ ला दहा आकारमानं पुरतात, म्हणजे पंधरा मिनिटं. तीच सवय तू इथे आणली असशील. हिलिकला निदान वीस ते चाळीस दे. म्हणजे १ मिलीच्या प्रवाहाला अर्धा ते पाऊण-एक तास. नवा कॉलम असेल किंवा वेगळ्या द्रावकात ठेवलेला असेल तर त्याहून जास्त. आणि सुई धुण्याचं द्रावण काय आहे? पाणी असेल तर तेही बदल, अॅसिटोनायट्राइल ९० ठेव. प्रत्येक इंजेक्शनला सुई थोडं थोडं पाणी घेऊन जाते.

तिसरं, आणि तुझ्या बाबतीत मला सगळ्यात जास्त संशय याचाच. मोबाइल फेज कशी बनवतेस? फॉर्मेटची बाटली कुठे ठेवतेस? हे लिही, मग बोलू.

फोंडेकरीण | १८ जून, रात्री ८.५०

सर, खूप आभार. "उरलेला अर्धा तू रोज सकाळी बनवतेस" हे वाचून मी बसमध्ये दोन वेळा थांबले.

इक्विलिब्रेशन (कॉलम मोबाइल फेजमध्ये स्थिरावू देणं) पंधरा मिनिटंच देत होते. सुई धुण्याला पाणी-मिथेनॉल आहे.

मोबाइल फेज: ६३० मिलिग्रॅम अमोनियम फॉर्मेट एक लिटर पाण्यात, फॉर्मिक आम्लाने पीएच ३.०. मग सिलिंडरमध्ये १५० मिली बफर घेऊन त्यातच अॅसिटोनायट्राइल १००० च्या खुणेपर्यंत. सोनिकेटरमध्ये दहा मिनिटं.

फॉर्मेटची बाटली बॅलन्सच्या खोलीतल्या कपाटात. पावसाला सुरुवात झाल्यापासून त्यातले दाणे ओलसर झालेत, चमच्याला चिकटतात. आज तळाशी तर पाणीच सुटलेलं दिसलं.

बोरीचा_पूल | १९ जून, सकाळी ६.०५

तेच. अमोनियम फॉर्मेट हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. आपल्याकडे मिरग लागला की उघडी बाटली आठवड्यात चिखल होते. तू ६३० मिलिग्रॅम तोलतेस, पण त्यात मीठ किती आणि गोव्याचा पाऊस किती? दर वेळी वेगळं. हिलिकमध्ये क्षाराच्या प्रमाणावर थराची जाडी आणि भार असलेल्या रेणूचं चिकटणं दोन्ही अवलंबून असतं. मेटफॉर्मिनवर कायमचा भार आहे, त्याला हा फरक लगेच जाणवतो.

लहान, सीलबंद बाटल्या मागव, डेसिकेटरमध्ये ठेव. फार ओलं झालेलं सरळ टाकून दे. नाहीतर फॉर्मिक आम्ल आणि अमोनियाच्या द्रावणापासून बफर बनव, मग तोलायचा प्रश्नच नाही. पण जे करशील ते एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी कृतीत, लिही, म्हणजे रात्रपाळीचा माणूसही तेच करेल.

आणि खुणेपर्यंत भरणं बंद कर. अॅसिटोनायट्राइल आणि पाणी मिसळताना उष्णता शोषली जाते, बाटली हाताला गार लागते, आकारमानही हलतं. दोन्ही वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये मोज, ८५० आणि १५०, मग एकत्र कर. गारवा जाईपर्यंत ठेव, त्यानंतर सोनिकेट. व्हॅक्यूम लावून डिगॅस करत असशील तर थांबव, त्यात अॅसिटोनायट्राइल उडतं. पाण्याचा वाटा एका टक्क्याने वाढला तरी पीक लवकर येतो. सी-१८ वर इतका फरक आपण बघतसुद्धा नाही. यंत्रावरच्या बाटलीचं झाकण घट्ट ठेव.

पीएच नेहमी पाण्यातच मोज, अॅसिटोनायट्राइल घालण्याआधी. घातल्यानंतर मीटर जो आकडा दाखवतो त्याला तसा अर्थ नसतो. एवढं लक्षात ठेव की ८५ टक्के अॅसिटोनायट्राइलमध्ये फॉर्मेटचा खरा पीएच एक-दीडने वर सरकलेला असतो. मेटफॉर्मिनला फरक पडणार नाही, पण उद्या ४-५ पीकेएचं औषध हातात आलं तर इथेच फसशील.

म्हापशेकर | १९ जून, दुपारी १.३०

क्षाराचा विषय निघालाय म्हणून. फॉस्फेट बफर हिलिकमध्ये कधीही नेऊ नका. इतक्या अॅसिटोनायट्राइलमध्ये फॉस्फेट पांढरं होऊन खाली बसतं आणि पंपाचं सील खातं. सी-१८ वरून हिलिकवर जाताना मधे नुसत्या पाण्याने सगळ्या नळ्या धुवा. आमच्याकडे एकाने ते केलं नाही. चेक व्हॉल्व्ह उघडला तेव्हा आत मिठागर.

मुठाकाठी | १९ जून, दुपारी ४.१०

सगळं मान्य. पण एवढी काळजी घ्यायची तर आयन-पेअर काय वाईट? प्रश्न मनापासून विचारतोय.

बोरीचा_पूल | १९ जून, रात्री ९.१५

वाईट नाही, आणि फार्माकोपियाच्या एससीएक्स पद्धतीबद्दल तुमचं म्हणणं अगदी बरोबर. अशुद्धींसाठी तिनेही तीच वापरावी असं माझं मत आहे. ०.०२ टक्के दिसायला सॅम्पल घट्ट लागतं, आणि तेवढं मेटफॉर्मिन ८५ टक्के अॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळून राहणार नाही. हिलिकचा जोर तिथे संपतो.

आयन-पेअरबद्दल माझी तक्रार दुसरी आहे. हेप्टेन सल्फोनेट एकदा कॉलमवर गेलं की पूर्ण निघत नाही. तो कॉलम त्याच पद्धतीला वाहिलेला. इक्विलिब्रेशन त्यालाही तासभर लागतंच. आणि मास स्पेक्ट्रोमीटरला जोडायची वेळ आली तर ते सल्फोनेट तिथे चालत नाही, फॉर्मेट चालतं. रोज दोनशे सॅम्पलची एकच पद्धत असेल तर आयन-पेअर खुशाल ठेवा.

क्यूए_डिचोली | २० जून, सकाळी १०.४५

कागदाची बाजू कोणीच काढली नाही म्हणून लिहिते. यूएसपीचा (अमेरिकी फार्माकोपियाचा) ६२१ क्रमांकाचा अध्याय १ डिसेंबर २०२२ पासून सुसंवादित रूपात लागू आहे, त्यात कॉलमची लांबी, कण, प्रवाह यांत ठरलेल्या मर्यादेत फेरफार करता येतो. पण सी-१८ सोडून अमाइडवर जाणं हा फेरफार नव्हे, ती नवी पद्धत आहे. पूर्ण व्हॅलिडेशन, म्हणजे पद्धत योग्य असल्याचा पुरावा, हवं आणि जुन्या पद्धतीशी तुलना हवी. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयसीएच या औषध-नियमांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या क्यू२ या व्हॅलिडेशनच्या मार्गदर्शिकेची दुसरी आवृत्ती आणि क्यू१४ एकत्र आले. क्यू१४ मध्ये पद्धत घडवताना जे शिकलो ते लिहून ठेवण्यावर भर आहे. ताई, तुझी ओल्या फॉर्मेटची नोंद तिथे सोन्यासारखी आहे. फेकू नकोस. ८.४, ७.६, ९.१ हे तिन्ही क्रोमॅटोग्राम वहीत राहू देत, कारणासकट.

सत्तरीकर | २० जून, रात्री ११.३०

सर, एक मूलभूत शंका. सिलिका आणि पाणी हे तर जुनंच आहे ना? मग हिलिकला नवं का म्हणतात?

बोरीचा_पूल | २१ जून, सकाळी ६.३०

चांगला प्रश्न विचारलास रे. त्स्वेतने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांमधली रंगद्रव्यं वेगळी केली तेव्हा नळीत खडू होता आणि वरून ओतलं ते अध्रुवीय द्रावण. कॉलम ध्रुवीय, द्रावक अध्रुवीय. म्हणून त्याला नॉर्मल फेज म्हणतात, सी-१८ नंतर आलं आणि उलटं होतं म्हणून रिव्हर्स.

पण हिलिकचे खरे पूर्वज मार्टिन आणि सिंज. १९४१ मध्ये त्यांनी सिलिका जेलला पाणी पाजलं आणि वरून क्लोरोफॉर्म सोडून अॅसिटिलेटेड अमिनो आम्लं वेगळी केली. सिलिका फक्त आधाराला, काम करत होतं ते तिने धरून ठेवलेलं पाणी. १९५२ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच पार्टिशन क्रोमॅटोग्राफीला मिळालं. सत्तरच्या दशकात साखरा अमिनो कॉलमवर अॅसिटोनायट्राइल-पाण्यात करू लागले, पद्धत हीच. अॅल्पर्ट यांनी १९९० मध्ये ती नीट मांडली आणि हायड्रोफिलिक इंटरॅक्शन क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. मधली वर्षं सी-१८ ने इतकी व्यापली की पाण्यालाही बैठक असते हे आपण विसरलो. थर बसायला मोबाइल फेजमध्ये निदान दोन-तीन टक्के पाणी लागतंच, आणि चाळीसच्या पुढे गेलं की तो थर उरत नाही. काम त्या दोन टोकांच्या मध्ये.

म्हापशेकर | २१ जून, सकाळी ११.२०

पाण्यावरून एक आठवण, सी-१८ ची. आमच्या एका ध्रुवीय औषधाला शंभर टक्के जलीय बफर होता, ऑरगॅनिक शून्य. चवथीच्या आदल्या दिवशी सगळे घाईत, माटोळी बांधायला गावी जायचं. कोणीतरी पंप तसाच बंद केला. पाच दिवसांनी येऊन लावलं तर सगळे पीक व्हॉइडला. कॉलम मेला म्हणून नवा मागवायची चिठ्ठीसुद्धा तयार झाली होती.

मेला नव्हता. दाब असेपर्यंत पाणी छिद्रांत कोंबलेलं राहतं, दाब गेला की सी-१८ चा पृष्ठभाग त्याला बाहेर ढकलतो. छिद्रं कोरडी, औषध आत जाणार कसं? अॅसिटोनायट्राइल ५० ने तासभर धुतला आणि पुन्हा बफरवर आणला, पीक जागेवर. ध्रुवीय गट बसवलेले सी-१८ कॉलम मिळतात, ते शंभर टक्के पाण्यात असे कोरडे पडत नाहीत. आम्ही पुढे तेच घेतले.

पेडणेकर_नीला | २२ जून, दुपारी २.०५

माझ्याकडे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकाच गोळीत आहे. हिलिकवर जमेल?

बोरीचा_पूल | २२ जून, रात्री ८.३०

नाही हो. हिलिकवर मेटफॉर्मिन थांबेल आणि ग्लिमेपिराइड व्हॉइडला जाईल. सी-१८ वर नेमकं उलटं. गोळीत एकाचं वजन शेकड्यांत आणि दुसऱ्याचं एक-दोन मिलिग्रॅम, म्हणजे एकाच इंजेक्शनमध्ये दोघांना न्याय देणं आणखी अवघड. दोन पद्धती करा. एकीतच हवं असेल तर इथे मात्र मुठाकाठींचं आयन-पेअर ग्रेडियंटने बघा, किंवा एकाच कणावर सी-१८ आणि आयन एक्सचेंज दोन्ही असलेला मिक्स्ड-मोड कॉलम.

सत्तरीकर | २२ जून, रात्री १०.४०

अॅसिटोनायट्राइल महाग आहे, मिथेनॉल चालेल का?

मुठाकाठी | २३ जून, सकाळी ९.१५

हिलिकला नाही चालणार. मिथेनॉल स्वतःच हायड्रोजन बंध करतं, पाण्याची जागा बळकावतं, थर नीट बसत नाही आणि रिटेन्शन (औषधाचं कॉलममध्ये थांबणं) ढासळतं. २००८-०९ मध्ये अॅसिटोनायट्राइलचा जगभर तुटवडा पडला होता, कारण ते अॅक्रिलोनायट्राइल बनवताना मिळणारं उपउत्पादन आणि मंदीत तेच कारखाने मंदावले. तेव्हा सी-१८ च्या बऱ्याच पद्धती आम्ही मिथेनॉलवर नेल्या. हिलिकच्या एका पद्धतीला हात लावता आला नाही. बारीक कॉलम घ्या, २.१ मिमीचा. द्रावक पाचवा हिस्साच लागतो.

फोंडेकरीण | ४ जुलै, रात्री ९.२०

उशीर झाला, पण हाती काहीतरी घेऊन यायचं ठरवलं होतं.

डायल्युअंट बदलला त्याच दिवशी दुसरा शेंडा गेला. ५ मायक्रोलिटर, ८५:१५ चा डायल्युअंट, एकच सरळ पीक. टेलिंग (पीकची शेपटी) १.२. खात्री करायला मुद्दाम पुन्हा पाण्यातलं सॅम्पल मारलं, पुन्हा फुटला. दोन्ही क्रोमॅटोग्राम एकावर एक ठेवून वहीत लावलेत.

इक्विलिब्रेशन एक तास. पहिली दोन इंजेक्शनं अजूनही किंचित हलतात, मग जागा सोडत नाही. आता मी आल्या आल्या पंप लावते आणि तोलायचं काम त्या तासात करते, वेळ वाया जात नाही.

फॉर्मेट नवं, २५ ग्रॅमच्या बाटल्या, डेसिकेटरमध्ये. वेगवेगळ्या तीन दिवशी, तिघांनी, तीन मोबाइल फेज बनवल्या: ८.३, ८.४, ८.३. तिसरी रात्रपाळीच्या मुलाने नुसती एसओपी वाचून बनवली, मी जवळ नव्हते.

प्लासिबोचा उंचवटा १.७ ला, व्हॉइडजवळ. सायनोग्वानिडीन त्याच्या थोडं पुढे, २.१. मेटफॉर्मिन ८.३ ला एकटं. तीन बॅचेस जुन्या आणि नव्या पद्धतीने केल्या. जुन्या पद्धतीत तिन्ही बॅचेसचा आकडा नव्यापेक्षा वर येतोय. फरक थोडा आहे, पण एकाच बाजूला आहे. ते वरिष्ठांसमोर ठेवलं. व्हॅलिडेशनचा प्रोटोकॉल लिहायला सांगितलाय. अशुद्धींसाठी मुठाकाठींनी सांगितलेला एससीएक्स कॉलम मागवलाय.

सर, तुम्ही गार बाटलीचं लिहिलं होतंत ते मी आधी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. परवा ८५० मध्ये १५० ओतलं आणि बाटली दोन्ही हातांनी धरली. बाहेर धो धो पाऊस, आत घामाघूम, आणि काच माठासारखी गार. रात्रपाळीच्या मुलाच्याही हातात दिली.

एक शंका राहिली. चवथीला पाच दिवस बंद असणार. हा अमाइड कॉलम कशात ठेवू?

बोरीचा_पूल | ५ जुलै, सकाळी ६.१०

आकडे बघून फार आनंद झाला.

आधी फॉर्मेट काढून टाक, अॅसिटोनायट्राइल ५० आणि पाणी ५० ने वीस मिनिटं. मग अॅसिटोनायट्राइल ९०, पाणी १० वर आण, तासभर चालव, दोन्ही टोकं बंद कर आणि कॉलम यंत्रावरून काढून खोक्यात ठेव. कॉलमबरोबर आलेल्या पत्रकात वेगळं काही लिहिलं असेल तर ते पाळ. नुसत्या पाण्यात ठेवू नकोस, त्यात शेवाळ धरतं. पंपाच्या मागची सील धुण्याची बाटलीही रिकामी करून ताजी भर, ती सगळेच विसरतात. परत आल्यावर पहिल्या दिवशी सॅम्पल घेऊ नकोस, फक्त स्टँडर्ड मार, ८.३ ला आला की दुसऱ्या दिवशी काम सुरू कर.